असल्फा ते मढ, चाकातली नळी घरी ठेवून

असल्फा

मढ कुठे आहे हे आमच्या असल्फ्यात अर्ध्या लोकांना माहीत नाही. उरलेल्या अर्ध्यांना माहीत आहे, पण गेलंय कोण? डोंगरावरच्या खोलीतून उतरून घाटकोपर स्टेशनला जायचं तरी आम्ही शंभरदा विचार करतो. मी मात्र मढला जाऊन आलो. बोटीतून. मोटारसायकलसकट. धड परत आलो याचंच इतकं बरं वाटतंय की जो भेटेल त्याला सांगत सुटलोय. आता तुम्ही भेटलात, तर ऐका.

मी सदा. एका सोसायटीत पाण्याचे पंप चालवतो. शाळा मी चौथीत सोडली, म्हणजे शाळेनेच मला सोडलं, मी फक्त मागे वळून बघितलं नाही. पण पंपातलं मला सगळं कळतं असा माझा समज आहे. सोसायटीचा समज वेगळा आहे.

माझी मुलगी पूनम एका लॅबसाठी घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढते. स्वतःची बाइक, मागे बर्फाची पेटी, पेटीत सॅम्पल. त्याच लॅबमध्ये जयेश नावाचा मुलगा आहे, मढच्या कोळीवाड्यातला. दोघांचं जमलं. आमची ना नव्हती. आम्ही मालवणकडचे, मासे आमच्याही रक्तात. पोरगा सरळ, कामाला चोख, आणि माझे जोक ऐकून हसतो. असा जावई परत मिळायचा नाही.

अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. देवकीबाय तिचं नाव. नवरा तांडेल, बोट घेऊन गेला की दिवस दिवस समुद्रात, त्यामुळे घरात शब्द हिचा. थोरल्या मुलाची बायको गोरेगावची होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिने वेगळं बिऱ्हाड केलं, कारण काय, तर घराला मासळीचा वास येतो. तेव्हापासून देवकीबायने ठरवून टाकलं, कोळीवाड्याबाहेरची सून नको. जयेशने तिचं डोकं खाऊन खाऊन शेवटी एवढं पदरात पाडून घेतलं, की रविवारी दुपारच्या आत पोरीला आण, बापाला आण, एकदा बघते. मग हो का नाही ते सांगेन, आणि परत विषय काढायचा नाही.

"एकदा म्हणाल्यात, पप्पा," पूनम मला सांगत होती. "परत चान्स नाही. तू तिथे नीट वाग."

"मी कधी नीट वागलो नाही?"

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. यादी मोठी असणार.

माझी बायको हॉस्पिटलात आया आहे. रविवारी तिची ड्युटी, बदली कोणी मिळेना. म्हणजे पोरीच्या आयुष्याचा सवाल आणि सोबत मी.

आता त्या चाकाचं. दोन दिवस आधी पूनमच्या बाइकचं पुढचं चाक घूंऽ घूंऽ करायला लागलं. ती म्हणाली, गॅरेजला टाकते. मी म्हटलं, कशाला? बेअरिंग गेलंय. पंपात बेअरिंग, चाकात बेअरिंग, सगळी एकाच आईची लेकरं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकाच्या मधोमध, दोन्ही अंगांना, मोठ्या पेढ्याएवढी लोखंडी कडी बसवलेली असते. तिच्या आत दुसरी छोटी कडी, आणि दोघींच्या मध्ये छर्रे. छर्रे गुळगुळीत तर चाक गप्प. छर्रे झिजले, गंजले की चाक रडतं.

मी नवी बेअरिंगं आणली, जुनी ठोकून बाहेर काढली, नवी ठोकून आत घातली. ठोकण्यात मी कमी पडत नाही. काम झाल्यावर बघतो तर एक नळी उरलेली. बोटाएवढी, पोकळ. जुनी बेअरिंगं निघताना चाकातनं पडली असणार. आता पंप उघडून परत लावला की माझ्याकडे काही ना काही उरतंच, वॉशर म्हणा, स्क्रू म्हणा, आणि पंप चालतो. मी म्हटलं, कंपनीने जास्तीची दिली असेल. चाक बसवून नट पूर्ण आवळला तर चाक फिरेना. थोडा ढिला केला, फिरलं. झकास!

"माझ्यासारखा कारागीर अख्ख्या असल्फ्यात नाही," मी बायकोला म्हटलं.

"म्हणून तर असल्फा अजून उभा आहे," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला गेली.

साकीनाका

रविवारी सकाळी निघालो. पूनम चालवत होती. नवा निळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, पाठ ताठ. मी मागे, मांडीवर खाजाचा पुडा. आमच्याकडे पहिल्यांदा कुणाच्या घरी जायचं तर मालवणी खाजा न्यायचा, हे माझ्या आईपासूनचं. आलं घातलेला, गुळाचा, कडक.

घाटकोपर-अंधेरी रस्ता ज्याने बघितला नाही त्याने काही गमावलेलं नाही. वर मेट्रो, खाली आपण, मध्ये खांब. रविवार असूनही साकीनाक्याला नेहमीसारखी गर्दी. तिथे पोचेपर्यंत चाकातून आवाज यायला लागला होता. घूं नाही, आता कुर्रर्र.

"पप्पा, आवाज येतोय."

"वर मेट्रो चाललीय."

सिग्नल लागला. बाइक थांबली, आवाज थांबला. सिग्नल सुटला. कुर्रर्र.

"मेट्रो आपल्याबरोबर सिग्नलला थांबते काय रे?"

"नवीन बेअरिंग आहे गं. नव्या चपलेसारखं. जरा चावणारच."

 तिची मान मागून जास्त ताठ दिसायला लागली. तिची आई अशी मान ताठ करते तेव्हा मी सरळ पंपाच्या खोलीत जाऊन बसतो. बाइकवर कुठे जाणार?

अंधेरी

पूल ओलांडून अंधेरी पश्चिमेला उतरलो तेव्हा हँडल थरथरत होतं. पूनमने एका उसळपावच्या गाडीपाशी बाइक घेतली. मी ऐटीत वाकलो आणि चाकाच्या मध्यभागी बोट लावून बघितलं. कशाला लावलं! तवा होता तो. मी बोट घेऊन नाचलो आणि शेजारच्या माणसाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवलं.

"ओ काका, मी पीत होतो ना," तो म्हणाला.

"प्या की. बोट स्वच्छ आहे. पंपवाला आहे मी."

त्याने ग्लास माझ्याकडेच सरकवला.

समोर एक गॅरेज होतं, शटर बंद. पुढचंही बंद. "जयेशला फोन कर, उशीर होईल म्हण," मी म्हटलं.

"पहिल्याच दिवशी उशीर?" पूनमचा आवाज बारीक झाला होता. "त्या म्हणणारच, बाहेरची पोरगी, वेळेचं भान नाही. पप्पा, मी हळूहळू एकटी नेते. तू रिक्षाने ये. वजन कमी होईल."

म्हणजे प्रवासवर्णनाचा हा भाग मी रिक्षातून केला. पुढे माझी पोरगी गोगलगायीसारखी रस्त्याच्या कडेने, मागे रिक्षात मी आणि खाजा. रिक्षावाल्याला मी म्हटलं, त्या बाइकच्या मागे चल. त्याने माझ्याकडे आरशातून बघितलं, पूनमकडे बघितलं, आणि मीटर न टाकता म्हणाला, "चाचा, शरम करो." माझी मुलगी आहे हे पटवून देईपर्यंत सात बंगला आला. पटल्यावर तो मोठ्याने हसला आणि थेट बोटीच्या धक्क्यापर्यंत तिच्या मागेमागे रिक्षा रांगवत आणली.

वेसावे

वेसाव्याच्या धक्क्यावर आलं की मुंबई एकदम संपते. मागे बिल्डिंगा, समोर खाडी, खाडीत रंगीत बोटी, प्रत्येकीवर झेंडे फडफडतायत, बगळे चिखलात पाय टाकून उभे. आणि पलीकडे मढ, इतकं जवळ की हाक मारली तर कुणीतरी ओ देईल. गाडीने वळसा घालून जायचं तर मालाडपर्यंत जाऊन परत यावं लागतं. बोटीने म्हणजे बसलो, उतरलो.

मी मालवणकडचा, पण जन्म परळच्या चाळीत. आजोबा गिरणीत, बाप गिरणीत. समुद्र मी चौपाटीवर उभं राहून बघितलेला, भेळ खाताना. बोटीत पहिल्यांदाच. बाइक आत घ्यायला दोन माणसांनी हात लावला. मीही लावला, जळलेलं बोट सोडून. चाक फळीवरून आत येताना इतकं किंचाळलं की बोटीतली सगळी माणसं वळली. टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी कोळीण म्हणाली, "चाकाला दात येतायत का रं?"

बोट हलली तसा मी घाबरून पटकन खाली बसलो. खाली काय आहे ते न बघता. कडकड असा आवाज झाला.

पूनमने डोळे मिटले. "खाजावर बसलास ना?"

"तुटलेला खाजा खायला सोपा पडतो," मी म्हटलं.

ती हसेल असं वाटलं होतं. नाही हसली. पलीकडच्या काठाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "त्या नाही म्हणाल्या ना पप्पा, तर जयेश त्यांच्याविरुद्ध जाणार नाही. मी जाऊ देणारही नाही. थोरली सून घर सोडून गेली तेव्हा त्या किती रडल्यात ते त्याने मला सांगितलंय."

मी पुड्यातले तुकडे चाचपून नीट लावायला लागलो. इतका वेळ मला वाटत होतं आपण सहलीला चाललोय.

मढ

पलीकडे उतरलो आणि चाक जाम झालं. पूर्ण. फिरेचना. जयेश न्यायला आला होता. तो आणि पूनम बाइकचं तोंड उचलून धरत, मी मागून ढकलत, अशी आमची वरात कोळीवाड्यात शिरली. दोन्ही बाजूंनी बोंबील वाळत घातलेले, बांबूंवर एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून. नाकात वास, कानात कोंबडे, आणि दारादारांतून बायका बघतायत.

आमच्याकडे मुलगी दाखवायची म्हणजे सगळं घर आवरून, पोहे करून, पाहुणे खुर्चीत बसवून, मुलगी खाली मान घालून ट्रे आणते. इथे देवकीबाय अंगणात भल्यामोठ्या ताटासारख्या पत्र्यावर मासळी निवडत बसली होती. रविवारचा बाजार, तिला उठायला वेळ नव्हता. काष्टा मारलेलं लुगडं, दंडापर्यंत हात बर्फाच्या पाण्यात. शेजारी थर्माकोलचे खोके, एका थरात पापलेट, एका थरात बर्फ.

तिने पूनमकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. नव्या निळ्या ड्रेसवर नजर जरा थांबली.

"या, बसा. हात भरलेत म्हनून उठत नाय." मग बाइककडे हनुवटी केली. "धक्क्यावरना आवाज ऐकला मी. मना वाटला कोन डुक्कर धरतंय."

जयेशने मला स्टूल दिलं. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, चहा आला. मी चटणी खाल्ली आणि सगळं विसरलो. आमचा जवळा खोबरं घातलेला, हिचा नुसता लसूण-मिरचीचा, कानातून वाफ काढणारा. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा पूनमने मला पायाने ढोसलं.

देवकीबायने दोनच प्रश्न विचारले. काम काय करतेस, आणि मासळी करता येते का. पूनम म्हणाली, खाते सगळं, करायला आई शिकवतेय.

"खायाला सगले येतात बाय," देवकीबाय म्हणाली. "हात लावायला कोन येत नाय."

 पूनमचे कान लाल झाले. जयेश जमिनीकडे बघत होता. मला कळलं की हे नकोच्या दिशेने चाललंय, आणि अशा वेळी माझं तोंड आपोआप सुटतं.

"ताई, चाकाचं काय ते बघायला पाहिजे. बेअरिंग मीच बसवलंय. एकदम नवीन आहे."

"तुमी बसवला?" तिने हात धुतले, उठली, बाइकपाशी आली. चाक हलवून बघितलं, आणि जयेशला म्हणाली, "काढ."

इथे सांगायला पाहिजे. देवकीबायकडेही अशीच बाइक आहे, मागे मासळीचे खोके बांधायला लोखंडी घोडी लावलेली. मासळीचं खारं पाणी गळतं, समुद्राचा वारा लागतो, बेअरिंग वर्षभर टिकलं तर नवस फेडावा. आणि गॅरेजवाला तिची गाडी घेताना नाक धरतो. एकदा त्याने तसं केलं तेव्हा तिने गाडी परत आणली आणि तेव्हापासून हे काम अंगणातच होतं. घरात हळद-मीठ असतं तशी तिच्याकडे बेअरिंगं पडलेली असतात.

चाक निघालं. तिने मधल्या भोकात बोट घातलं, फिरवलं, माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, आतली नली कुठं हाय?"

"कुठली नळी?"

"दोन बेअरिंगच्या मधली."

"ती होय! ती जास्तीची होती. घरी ठेवलीय मी. खिडकीत."

 शेजारची एक बाई निवडता निवडता थांबली. जयेशने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते.

"जास्तीची," देवकीबाय म्हणाली. "भाऊ, ती नली मधी असते म्हनून दोन्ही बेअरिंगं आपापल्या जागी राहतात. नली नाय, तर नट आवलला की दोघा एकमेकांवर रेलतात नि छर्रे चिरडतात. नट ढिला ठेवला असेल तर चाक डुगडुगतं. पुढचा चाक हाय हा! पोरीला घेऊन आलात ना तुमी याच्यावर?"

मी स्टुलावर बसलो. बोटीत बसलो तसाच, न बघता. सुदैवाने खाली काही नव्हतं. इतका वेळ मी सगळ्यावर हसत होतो, पण साकीनाक्याच्या ट्रकांमधून ती बाइक चालवत होती आणि चाकात माझं शहाणपण होतं. पूनम माझ्याजवळ आली. मला वाटलं आता शिव्या देणार. तिने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. शिव्या परवडल्या असत्या.

"पोचलात ना, झाला," देवकीबाय म्हणाली. "जयेश, बेअरिंगं आन. नली त्या मोडक्या चाकातली काढ."

अंगणाच्या कोपऱ्यात तिच्या बाइकचं जुनं चाक पडलं होतं, त्यातली नळी निघाली. नवी बेअरिंगं तिने प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली आणि पापलेटांच्या एका खोक्यात बर्फाखाली खुपसली. मी बघतच राहिलो.

"लोखंड थंड झाला की आकसतंय," ती म्हणाली. "चाकावर गरम पानी ओतायचा, ता फुगतंय. मग ठोकावा लागत नाय. अलगद जातंय."

आत चुलीवर पाणी ठेवलं. जयेश जुनी बेअरिंगं काढायला बसला, पलीकडून लोखंडी कांब लावून, चहूबाजूंनी थोडं थोडं ठोकत. पूनम चाक धरून. देवकीबाय आत गेली. मी स्टुलावर. मला काहीच काम नव्हतं, आणि मनात एकच, सदा, काहीतरी कर, या घराला दाखव की आम्ही हातपाय हलवणारी माणसं आहोत.

तेवढ्यात बाजारात जाणारा टेम्पो आला. ड्रायव्हरने हॉर्न मारला. मी उठलो. एकेक खोका उचलला, कमरेवर घेतला, टेम्पोत चढवला. कंबर मोडली, पण एकट्याने सगळे चढवले. ड्रायव्हर म्हणाला, काका, जबरदस्त. मी शर्टाला हात पुसले आणि छाती काढून स्टुलावर येऊन बसलो.

देवकीबाय गरम पाण्याचं पातेलं घेऊन बाहेर आली. तिने अंगणाकडे बघितलं. परत बघितलं.

"खोके?"

"मी चढवले, ताई! सगळे! तुम्हाला उठायची तसदी नको म्हणून."

"सगले?"

"एकूण एक."

"बेअरिंगवाला पन?"

टेम्पोचा आवाज लांब गेला होता. वाट लागली! आमचं बेअरिंग पापलेटांबरोबर मालाडला निघालं होतं.

जयेशने ड्रायव्हरला फोन लावला, तो गाडी चालवताना उचलत नाही. घरातली तीच शेवटची जोडी होती. पूनम उठली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीला लावलेल्या मासळीच्या बाइककडे गेली. "काकू, चावी?" देवकीबायने कनवटीची चावी काढून दिली. नवा ड्रेस, घोडीवरून मासळीचं पाणी ठिबकतंय, आणि माझी पोरगी भुर्रकन गेली. जयेश मागे धावला, पण ती थांबली नाही.

पुढचा वेळ मी कसा काढला ते मला विचारू नका. देवकीबाय पातेल्याशेजारी बसून होती. ती बोलत नव्हती म्हणून मी बोलत होतो. पंपांबद्दल. एकदा सोसायटीचं पाणी वरच्या टाकीऐवजी सेक्रेटरीच्या हॉलमध्ये कसं गेलं, ते सगळं. ती एकदा फक्त म्हणाली, "तुमाला अजून कामावर ठेवलंय?"

मग फोन वाजला. टेम्पोचा ड्रायव्हर. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता. "मावशी, ही कोन पोरगी पाठवलीस? एरंगळला मना आडवी आली! कुठला खोका ते तिला ठाऊक नाय, सगले उघडले. मी बोललो आता माझा माल विस्कटनार. तर तिने एकेक पापलेट बाजूला ठेवून, बर्फ नीट पसरून, परत थर लावून दिले. तुझ्यापेक्षा बरे लावलेत, मावशी! कोन हाय ती?"

देवकीबायने रस्त्याकडे मान वळवली. फोन कानाला तसाच. मग म्हणाली, "लॅबमधी काम करते. तिचा रोजचाच बर्फाचा काम हाय," आणि फोन ठेवला. पण आवाज बदलला होता. मी बायकोबरोबर इतकी वर्षं काढलीत, बायकांचा आवाज कधी बदलतो एवढं मला कळतं.

पूनम आली तेव्हा बाह्या खांद्यापर्यंत वर, हातांवर खवले चिकटलेले, निळा ड्रेस पुढून ओला, कपाळावर काहीतरी चंदेरी. एका हातात बर्फ भरलेली पिशवी. ती तिने देवकीबायच्या हातात दिली आणि मग माझ्याकडे वळली.

"पप्पा, तू आता स्टुलावरून उठायचं नाही. लघवीला जायचं तर मला विचारून."

सगळं अंगण हसलं. मीही हसलो. मला सगळ्यात जास्त हसायचं होतं.

मग काम झालं. पाणी परत तापवून चाकावर ओतलं. बर्फातलं बेअरिंग पुसून देवकीबायने पूनमच्याच हातात ठेवलं. "बस गो. सरळ धर. वरना जुना बेअरिंग ठेव नि त्याच्यावर ठोक. मार बाहेरच्या कड्याला लागला पायजे, आतल्याला नाय. आतल्याला मारला की छर्रे गेले." माझ्याकडे बघून, "यांनी आतल्यालाच मारलं असेल." मी मान हलवली. मारलं होतं. बेअरिंग टप् करून बसलं, जसं काही घरी आलं. चाक उलटं केलं, ग्रीस, नळी, दुसरं बेअरिंग. टप्. बाइकला चाक लावून नट पूर्ण आवळला आणि देवकीबायने चाकाला एक टिचकी दिली. ते फिरत राहिलं. आवाज नाही, काही नाही. फिरतंय, फिरतंय. सगळे बघत होते. 

"साबन आत हाय," देवकीबाय पूनमला म्हणाली. "लिंबू पन घे. वास जाईल हाताचा."

पूनमने पत्र्याकडे बघितलं. अर्धी मासळी निवडायची तशीच पडली होती. "हे राहिलंय ना अजून, काकू? हे झाल्यावर धुते एकदाच." आणि पाय दुमडून बसली. पहिला मासा चुकीच्या टोपलीत टाकला. देवकीबायने न बोलता उचलून बरोबर टोपलीत टाकला, आणि शेजारी बसली. बराच वेळ दोघी निवडत होत्या. कुठला मोठा, कुठला बारका, कुठल्याचे कल्ले बघायचे. मग देवकीबाय लुगड्याला हात पुसत जयेशला म्हणाली, "हिच्या आईला फोन लाव."

स्पीकरवर लावला.

"विहीनबाय, मी मढची देवकी बोलते."

 विहीणबाय हा शब्द पलीकडे माझ्या बायकोपर्यंत पोचलाच नसावा, कारण ती घाबरून म्हणाली, "काय मोडलं त्यांनी?"

देवकीबाय हसायला लागली ती थांबेचना. "मोडलेला होता ता जोडला. पोरगी आमची झाली, आयकलात का? साखरपुड्याचा दिवस तुमी सांगा. नि तुमचा मानूस सांजच्या बोटीने परत पाठवताव."

"घाई नाही," बायको म्हणाली. आवाज भिजलेला. "ठेवून घ्या दोन दिवस. फक्त होडीच्या इंजिनाजवळ जाऊ देऊ नका."

फोनवर दोघी रडतायत आणि हसतायत. पूनम खवल्यांच्या हातांनी डोळे पुसतेय, जयेश पातेलं उगाच इकडून तिकडे नेतोय. मला उठून तिला जवळ घ्यायचं होतं, पण स्टुलावरून उठायची परवानगी नव्हती. म्हणून बसूनच रडलो.

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. मढहून असल्फ्यापर्यंत चाकाने तोंड उघडलं नाही, आणि मला पूनमने उघडू दिलं नाही.